सेट म्हणजे बसवणं

सांगवी
९ जून २०२५

उद्धवदादा,

परवा फोनवर मी दहा मिनिटं बोलत होते आणि तुम्ही दर वाक्याला "हो हो, मजेत" म्हणत होतात. शेवटी सुमनवहिनींनी फोन घेतला आणि हसत सांगितलं, "अहो, यांना फोनवरचं काही कळत नाही. कारखान्यातल्या प्रेसच्या दणक्यानं कान गेलेत. समोर बसून ओठ दिसले तर समजतं, नाहीतर सरळ लिहून पाठवा." म्हणून हे पत्र.

तुम्ही आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलात तेव्हा मी सात वर्षांची होते. रविवारी सकाळी बाबा तुम्हाला मशीनची ड्रॉइंग वाचायला शिकवायचे आणि मी टेबलाखाली बसून ऐकायचे. आज बाबा नाहीत, नाहीतर हा प्रश्न त्यांनाच विचारला असता.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते हे तुम्हाला माहीत आहेच. त्याशिवाय आम्ही चौघं मिळून आयटीआयच्या मुलामुलींसाठी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश करतोय. फक्त कारखान्यातले शब्द. आमचे प्रमुख यशवंतराव, निवृत्त प्राध्यापक, फार कडक. काम 'एस'पर्यंत छान आलं आणि 'सेट' या तीन अक्षरी शब्दापाशी अडकलं. माझ्याकडच्या जाड कोशात त्याला पाच पानं दिली आहेत. त्यातलं कारखान्यात काय चालतं आणि काय नाही, हे मला कळेना. तुम्ही आयुष्यभर सेटर. सांगाल का?

मृदुला


महाळुंगे
१७ जून २०२५

मृदुलाताई,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, काका, नोटीस सोडून तुमच्या गल्लीत पत्र आणल्याला कैक वर्षं झाली. सुमननं दोनदा वाचलं, मी तीनदा.

ताई, ह्या शब्दावर माझी भाकरी आहे. पत्रा दाबून पार्ट काढणारा प्रेस चालवतो तो ऑपरेटर. पण नवा पार्ट काढायचा म्हटलं की आधीची डाय, म्हणजे साचा, उतरवायचा, नवा चढवायचा, वरचा पंच आणि खालचा साचा जुळवायचा, पत्रा कुठं अडेल, पंच किती खाली येईल, हे सगळं सेटरनं बघायचं. केसाएवढा फरक पडला तर पार्ट भंगारात जातो. जास्त पडला तर डायच फुटते. माझ्या हातून अजून एक फुटली नाही.

आता अर्थ. डाय ज्या दोन जाड पाट्यांवर असते तो डाय-सेट. पान्यांचा सेट म्हणजे जुडगा. मशीन सेट कर म्हणजे जुळव. टायमर सेट कर म्हणजे लाव. कोबा सेट झाला म्हणजे धरला, आता वर पाय द्यायला हरकत नाही. सुतार करवतीचे दात एक डावीकडं एक उजवीकडं वाकवतो, त्यालाही सेटच म्हणतात. सुमन म्हणाली कपबशांचा सेट लिहा, दातांचा सेट लिहा. तेवढ्यात शेजारचे बबनराव आले. त्यांनी विचारलं, "आमचा जावई मारुंजीत सेट झाला, तो कुठल्या खान्यात घालता?" त्यापुढं आम्ही 'स्थिरावला' लिहिलं. परीक्षेचा पेपर सेट करतात, आणि त्यात परत ए सेट, बी सेट असतात. असे तेवीस झाले. वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलेत.

एक विचारतो. तुम्ही मराठीत काय लिहिणार? संच, मांडणी, जुळवणी असलं काही लिहाल. शॉपवर आमची जुनी माणसं एकच शब्द वापरायची, बसवणं. डाय बसवली का? बसवली. आमच्या अंबाजोगाईकडं माझा आजा मोडलेलं हाड बसवायचा. सोनार खडा बसवतो. गावात दरसाल नाटक बसवायचे. घट बसवतात, गणपती बसवतात. मला वाटतं इंग्रजांचा सेट आणि आपलं बसवणं हे सख्खे भाऊ आहेत. चूक असलं तर सोडून द्या.

तुमचा
उद्धव


सांगवी
२४ जून २०२५

उद्धवदादा,

चूक? मी दोन दिवस त्याच नादात आहे. कोशातला एकेक अर्थ घेते आणि पुढे 'बसवणं' ठेवून बघते. इंग्रजीत प्रत्येक अर्थाला वेगळा समानार्थी शब्द शोधावा लागतो. ठेवण्याला पुट, पक्कं करण्याला फिक्स, जुळवण्याला अ‍ॅडजस्ट, घट्ट होण्याला हार्डन, आणखी किती तरी. आपलं एकटं 'बसणं-बसवणं' त्यातल्या निम्म्यांना पुरून उरतं. घडी बसते, जम बसतो, गाळ खाली बसतो, कोट अंगात बसतो. सूर्य तेवढा बसत नाही, तो मावळतो. दहीही बसत नाही, ते लागतं. बाकी बहुतेक जागी तुमचा शब्द चालतो. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण हे मला सुचलं नव्हतं.

एक अर्थ मात्र मला मुळीच कळला नाही. 'धातू सेट घेतो' असं कोशात आहे. धातू काय घेतो?

आणि हो, पुस्तकाच्या सुरुवातीला ज्यांनी मदत केली त्यांची नावं छापणार आहोत. तुमचं नाव असं टाकतेय: उद्धवराव, मुख्य सेटर, प्रेस शॉप. बाबांना किती आनंद झाला असता!

मृदुला


महाळुंगे
१२ जुलै २०२५

मृदुलाताई,

उशीर झाला, माफ करा.

धातूचं असं आहे. पत्र्याची पट्टी हातात धरून जराशी वाकवा आणि सोडा, सरळ होते. जोर लावून वाकवा आणि सोडा, मागं येते, पण पूर्ण सरळ होत नाही. जेवढा वाक तिच्यात कायमचा राहिला तेवढा तिनं सेट घेतला. मागं किती येईल ते पत्र्यावर असतं. एका गुंडाळीतला पत्रा थोडा येतो, दुसरीतला जास्त. म्हणून वाक दिल्यावर नेमक्या कोपऱ्यावर आणखी एक जोराचा दाब देतात, म्हणजे पत्रा परत फिरत नाही. त्यालाही आम्ही बसवणंच म्हणतो. वाक बसवला. हा धरून आणखी आठ अर्थ सापडले, एकूण एकतीस झाले, तेही सोबत जोडलेत.

नावाखाली मुख्य सेटर छापू नका. नुसतं नाव पुरे. नाव नसलं तरी चालेल.

उद्धव


सांगवी
१८ जुलै २०२५

उद्धवदादा,

तुमचा हा संकोच मला लहानपणापासून माहीत आहे. आईनं शिरा दिला की तुम्ही अर्धा परत करायचात. पण इथे तो चालणार नाही. जे आहे ते छापायला लाज कसली? मुलांना कळायला हवं की हा शब्द प्रेसवर उभ्या असलेल्या माणसानं सांगितला. मी 'मुख्य सेटर' काढणार नाही.

तुमचे अर्थ समितीपुढे ठेवले आहेत. त्यावर विचार चालू आहे. धातूचं उत्तर वाचून मी स्वयंपाकघरात चमचा वाकवून बघितला. त्यानं सेट घेतला. आता तो तसाच आहे.

मृदुला


महाळुंगे
३ सप्टेंबर २०२५

मृदुलाताई,

दीड महिना तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहायची हिंमत होत नव्हती आणि खोटं लिहून तुमच्या पुस्तकात छापून यावं अशी इच्छा नव्हती. आज लिहितो.

मे महिन्यापासून मी सेटर नाही. स्टोअरला आहे. आमच्या कंपनीत नवे प्रेस आले. त्यांच्या सेटिंगचे कागद सगळे इंग्रजीत. सेटर लोकांची लेखी परीक्षा घेतली, वीस प्रश्न, मला चार आले. दिपाली मॅडम म्हणून इंजिनियर आहेत, वय तीसच्या आत. त्यांनी मला बाजूला बोलावलं, माझ्यासमोर उभं राहून, ओठ दिसतील असं हळू बोलल्या. "काका, तुमच्या हाताबद्दल कुणाला शंका नाही. पण कागद वाचता आला नाही आणि डाय फुटली तर मी काय सांगू?" चुकीचं काही बोलल्या नाहीत, ताई. त्याचाच जास्त त्रास झाला.

घरी सांगितलं नाही. तोच गणवेश घालून त्याच बसनं जात होतो. दोन महिन्यांनी एक दिवस सुमन कपडे धुताना म्हणाली, "ह्यावर तेलाचा डाग पडायचं बंद होऊन किती दिवस झाले, मला ठाऊक आहे. तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी स्टोअरमध्ये हातमोजे वाटत होतो. तुम्ही विचारलंत, सेटर म्हणून विचारलंत, आणि मला नाही म्हणवलं नाही.

आता पुढचं ऐका. ऑगस्टमध्ये परदेशातल्या एका कंपनीचं नवीन काम आलं. एक ब्रॅकेट, काटकोनात वाकवायचं. तीन दिवस पार्ट नापास होऊन स्टोअरच्या शेजारी जाळीत येऊन पडायला लागले. मी एक उचलून गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या मापाला, लावला. कोन उघडलेला. दुसरा घेतला, त्याचा उलटा, जास्त मिटलेला. मला तिथंच कळलं की हे लोक कोन बदलत बसलेत आणि पत्रा आपल्या मनानं मागं येतोय.

जावं का नको, असा अर्धा तास गेला. मग पार्ट हातात घेऊन प्रेसवर गेलो. तिथं दिपाली मॅडम आणि सुपरवायझर गणराज कागद पुढं घेऊन उभे होते. मी म्हटलं, जरा बघू का? गणराज म्हणाला, "काका, इंग्रजी आहे, राव." मी तरी बघितलं. एक ओळ होती. बाकी शब्द मी अडखळत वाचले, पण पहिला शब्द ओळखीचा होता. सेट. ट्रिम करायच्या आधी, म्हणजे कडा कापायच्या आधी, वाक सेट करा.

गणराज म्हणाला, "तेच तर करतोय. अँगल सेट करतोय. सकाळपासून सात वेळा केला."

मी म्हटलं, "अँगल सेट करा असं कुठं लिहिलंय? वाक सेट करा लिहिलंय. म्हणजे वाक बसवा. कोपऱ्यावर शेवटचा दाब द्या."

"सेट म्हणजे अ‍ॅडजस्ट, काका."

"तो एक अर्थ झाला. माझ्याकडं एकतीस लिहून आहेत."

गणराज हसला. मॅडम हसल्या नाहीत. माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "एकतीस? कुठं लिहिलेत?" मी डब्याच्या पिशवीतून तुमची पत्रं आणि माझा कागद काढला. ताई, त्या बाईनं प्रेसपाशी उभं राहून तुमचं पत्र वाचलं, त्या वाकवलेल्या चमच्यासकट. मग कागदावरच्या त्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, "किती वेळ लागेल तुम्हाला?"

गणराज म्हणाला, "मॅडम, ते नापास आहेत. ऑडिटमध्ये विचारलं तर?"

"सेटिंग माझ्या सहीनं होईल. मी इथंच उभी आहे."

प्रेस बंद करून, मधेच कुणी चालू करू नये म्हणून कुलूप घातलं. पंचामागं पातळ पट्टी टाकली, म्हणजे पंच खाली आल्यावर सगळा जोर कोपऱ्यावर येईल. चारही बोल्ट पान्यानं आवळले. कुलूप काढलं. पहिला पार्ट काढला, मोजला, पट्टी बदलली. दुसरा काढला. कोन बरोबर. पन्नास पार्ट काढले, मधेच मुद्दाम दुसऱ्या गुंडाळीचा पत्रा लावला, तरी पन्नासच्या पन्नास गेजमध्ये बसले. गेज म्हणजे मापाचा साचा. शेवटचा पार्ट गणराजनं स्वतः लावून बघितला. मग माझ्याकडं वळला, माझ्यासमोर नीट उभा राहिला आणि म्हणाला, "उद्धवराव, बसला." आजपर्यंत तो मला काकाच म्हणायचा.

घरी गेलो. सुमननं शर्ट हातात घेतला आणि बाहीवरचा तेलाचा डाग बघितला. जेवायला पुरणपोळी होती. सण कुठला ते मी विचारलं नाही.

तर ताई, आता तुम्हीच ठरवा माझ्या नावाखाली काय छापायचं. आणि एक राहिलं. तुम्ही लिहिलंत, समितीत विचार चालू आहे. तीस वर्षं कंपनीत काढलीत. विचार चालू आहे म्हणजे काय, ते मला कळतं. नको म्हणाले असतील तर स्पष्ट सांगा. राग नाही.

तुमचा
उद्धव


सांगवी
११ सप्टेंबर २०२५

उद्धवदादा,

नको म्हणाले होते. जुलैमध्येच.

यशवंतराव म्हणाले, ही कारखान्यातली बोली झाली, कोशात प्रमाण शब्द हवेत. 'सेट करणे' पुढे 'समायोजित करणे' लिहायचं ठरलं. मी भांडले असते तर बरं वाटलं असतं आज. मी मान डोलावली आणि घरी येऊन तुम्हाला 'विचार चालू आहे' असं लिहिलं. तुम्ही चार महिने एक गोष्ट लपवलीत म्हणून मनाला लावून घेता. मी तर तुम्हाला न्याय मिळवून देतेय अशा थाटात पत्रं लिहीत होते.

काल बैठक होती. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तेवढा धीर नव्हता. पन्नास पार्टपर्यंत आल्यावर यशवंतरावांनी हात वर केला. मला वाटलं, थांबवतायत. ते म्हणाले, "मधलं परत वाचा. ती इंग्रजी ओळ आणि त्यापुढचं." मी वाचलं. त्यांनी पुढ्यातला छापखान्याचा कागद ओढला आणि 'समायोजित करणे'वर स्वतःच्या हातानं काट मारली. म्हणाले, "हा शब्द वाचून तो कोपरा कुणी दाबला असता का? नसता. मग तो कोशात कशाला?" मग त्यांनी मला विचारलं, हे उद्धवराव कुठपर्यंत शिकलेत? मी म्हटलं, दहावी, आणि पुढे आमच्या घरी रविवारी.

आता नोंद 'बसवणं' या शब्दानं सुरू होते. तुमचे एकतीसपैकी सत्तावीस अर्थ घेतले. बबनरावांचा जावईही आहे. शिवाय पुस्तकातले आधीचे सगळे शब्द आम्ही परत तपासायला काढलेत, या वेळी प्रेस शॉप, फाउंड्री, पेंट शॉप इथल्या लोकांना विचारून. पुस्तक सहा महिने पुढे गेलं. मला त्याचं काहीच वाईट वाटत नाही. तुमच्या नावाखाली मी 'सेटर' लिहितेय. परीक्षेनं ते काढून घेतलं असेल, पण माझ्या मते ते तिच्या हातातलं नव्हतं.

मला तुमचा फार अभिमान वाटतो, उद्धवदादा. हे लिहायला एवढी पत्रं लागली.

मृदुला


महाळुंगे
३ ऑक्टोबर २०२५

मृदुलाताई,

पत्र वाचून मी बराच वेळ दारात उभा होतो. समितीचं मनावर घेऊ नका. तुम्ही मान डोलावली, मी हातमोजे वाटले. दोघांनी शेवटी तोंड उघडलं ना?

कंपनीनं मला परत प्रेसवर बोलावलं. मॅडम म्हणाल्या, परीक्षा माफ. मी म्हटलं, माफ नको, परत घ्या. दर दुपारी डबा खाऊन झाला की मॅडम पंधरा मिनिटं शब्द सांगायच्या आणि मी त्यांना डाय बसवताना नजर कुठं ठेवायची आणि हात कुठं ठेवायचा ते सांगायचो. वीसपैकी पंधरा आले. गणराजला सोळा. नव्या सेटिंगच्या कागदावर आता इंग्रजीखाली मराठी ओळ असते. ती मी लिहितो, मॅडम तपासतात आणि खाली दोघांच्या सह्या.

परवा खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होती. त्या दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. सुमन इतक्या वर्षांत कधी आली नव्हती, दरसाल म्हणायची तिथं माझं काय काम. यंदा सकाळी सहालाच नवी साडी नेसून तयार होती. माझा चारशे टन दाबाचा प्रेस, झेंडूची माळ घातलेला. ती त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, वर बघितलं, मान मागं करून पार टोकापर्यंत. मॅडमनी तिच्या हातून नारळ फोडून घेतला.

मग बाकीच्यांच्या बायका, लेकी, सुना जमल्या आणि ती त्यांना मशीन दाखवायला लागली. मी समोरच होतो, तिचे ओठ मला स्वच्छ दिसत होते. "हे माझ्या मालकांचं मशीन. इकडून लोखंड घालायचं. ते आत वितळतं. मग हे वरून बघून सांगतात, झालं म्हणून, की तिकडून गाडीचा दरवाजा निघतो, रंगासकट." सगळ्या माना डोलावत होत्या. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी बोटानं खुणावलं, राहू द्या.

ताई, तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं चुकीचं सांगितलं. मी एक शब्द दुरुस्त केला नाही.

तुमचा
उद्धव